आगीचा डोंगर आणि पाण्याचे भय

बर्फाखाली जागा असलेला ज्वालामुखी हा विषय भोर-वेल्ह्याच्या वाचकापुढे ठेवायचा म्हटले, की पहिला प्रश्न ठरलेला आहे: आमचा त्याच्याशी काय संबंध? इथे बर्फ पडत नाही. वळवाच्या पावसात गारा पडल्याच तर पोरांनी वेचेपर्यंत त्यांचे पाणी होते. इथला लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे उलटली. कात्रजचा बोगदा ओलांडून शिंदेवाडी, खेड-शिवापूर, शिवरे असे दक्षिणेला जाताना दोन्ही बाजूंना दिसतात ते डोंगर गडांचे, देवस्थानांचे आणि गुरांच्या चराईचे. त्यांच्याकडे पाहून आगीची आठवण कुणालाही होणार नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. बर्फ पांघरलेल्या ज्वालामुखींचा इतिहास नीट वाचला, तर त्यात माणसे मेली ती मुख्यतः उतारावरून आलेल्या पाण्याने आणि चिखलाने. लाव्ह्याने जळून मेलेले फार थोडे. आणि ते पाणी कोणत्या वाटेने येणार, हे बऱ्याच वेळा आधी माहीत होते. हे खरे असेल, तर जिथला विस्तव कधीच विझला पण उतार, पाणी आणि वस्ती या तिन्ही गोष्टी शाबूत आहेत, त्या मुलखाला हा विषय परका राहत नाही.

आधी आपल्या पायाखालचा दगड पाहू. शिवऱ्याच्या शिवारात विहीर खणणाऱ्याला जे लागते तेच भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत आहे, नावे तेवढी वेगळी. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग बारीक भोकांचा आणि पांढऱ्या गारगोट्यांनी भरलेला मऊ खडक, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ, आणि मध्येच कधी वीतभर तर कधी पुरुषभर जाडीचा विटकरी-तांबडा पट्टा. हा क्रम पुन्हा पुन्हा येतो, कारण लाव्हा एकदाच आला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो बाहेर पडला आणि थरावर थर पसरत गेला. त्यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच आला, असे अलीकडच्या कालमापनावरून दिसते. झीज होऊन उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. दोन उद्रेकांमध्ये खंड पडला की आधीच्या थराचा पृष्ठभाग कुजून, त्यावर राख साचून माती होई. पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहून गेला की ती दोन कातळांमध्ये दाबली जाई. तांबडा पट्टा म्हणजे ती दाबली गेलेली माती. तो ध्यानात ठेवावा, कारण पुढे सारा प्रश्न त्याच्यापाशी येऊन अडतो. जगभरचे अभ्यासक या थरगटांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा नावांनी ओळखतात. आपल्याच घाटांची आणि गावांची ही नावे परदेशी शोधनिबंधांत रोज छापली जातात, आणि इथल्या शाळेतल्या मुलाला मात्र त्यातले काही सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. राजगड आणि तोरणा हे विझलेल्या ज्वालामुखींचे सुळके आहेत, असे गडवाटांवर सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. दख्खनचा लाव्हा शिखरांच्या तोंडातून उसळला नाही, तो भेगांतून पसरला. आणि सुमारे १,४०० मीटर उंचीचा तोरणा हा कधीकाळी सलग असलेल्या पठाराचा पावसाने आणि ओढ्यांनी कोरून काढलेला अवशेष आहे. कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहिला, मऊ थर उताराच्या रूपाने आत गेला, म्हणून डोंगराला पायऱ्या आल्या. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ही स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरूनच आला. गड बांधणाऱ्यांना हे शास्त्र पुस्तकातून नसले तरी हाताने ठाऊक होते: पाण्याची टाकी त्यांनी भेग नसलेला अभंग कातळ पाहून खोदली आणि तट कड्याच्या काठावर बसवला. आता गंमत अशी, की बर्फाखालच्या ज्वालामुखीचा डोंगरही अनेकदा असाच सपाट माथ्याचा आणि सरळ कड्यांचा असतो. आइसलंडमध्ये आणि कॅनडात असे डोंगर आहेत. त्यांना तुया म्हणतात. मात्र त्यांचा जन्म उलट्या रीतीने झाला. शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली लाव्हा फुटला, त्याने भोवतालचा बर्फ वितळवून तळे केले, तळ्यात पडताच तो उशांसारख्या गोळ्यांत आणि काचेच्या भुग्यात गोठला, आणि ढीग पाण्याच्या वर आल्यावर त्याच्या डोक्यावर लाव्ह्याचे सपाट झाकण बसले. पुढे बर्फ गेला आणि साच्यातून काढावा तसा डोंगर उघडा पडला. एक डोंगर बर्फाच्या साच्यात ओतलेला, दुसरा पावसाने तासलेला. पण दोघांच्याही अंगावर जे लिहिले आहे ते पाण्याने.

बर्फ आणि तप्त खडक यांच्या भेटीत नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय धोक्याचा अंदाज येत नाही. बर्फ वितळवायला उष्णता पुष्कळ लागते हे खरे, पण लाव्ह्याजवळ ती त्याहून पुष्कळ असते. साधा हिशेब मांडला तर एक घनमीटर लाव्हा पूर्ण थंड होताना दहाहून अधिक घनमीटर बर्फाचे पाणी करू शकतो. प्रत्यक्षात सगळी उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही. संथ वाहणारा लाव्हा बर्फावर आपलीच साय धरतो आणि वितळण्याचा वेग मंदावतो. खरा धोका असतो तो तप्त राख आणि दगडगोट्यांच्या लोंढ्याचा. तो बर्फ खरवडत, त्यात मिसळत धावतो आणि काही मिनिटांत प्रचंड पाणी मोकळे करतो. या पाण्याला वाटेत सैल राख आणि माती मिळाली की ओल्या सिमेंटसारखा दाट लोंढा तयार होतो. त्याला शास्त्रात लाहार म्हणतात; शब्द जावा बेटावरच्या भाषेचा आहे. लाहार नदीच्या पात्रातून धावतो, वळणावर पात्र सोडतो, आणि जिथे दरी उघडून सपाटी लागते तिथे पसरतो. माणसे वस्ती करतात तीही नेमकी तिथेच, कारण जमीन सपाट, माती कसदार आणि पाणी जवळ.

कोलंबियातला नेवादो देल रुइस हा ५,३०० मीटरच्या आसपास उंचीचा, विषुववृत्ताजवळ असूनही बर्फ राखून असलेला ज्वालामुखी. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्याचा उद्रेक झाला. उद्रेक म्हणून तो लहानच होता. शिखरावरच्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्साच त्यात वितळला. पण ते पाणी अरुंद दऱ्यांतून उतरताना काठची माती आणि दगड उचलत गेले, काही दऱ्यांत त्याचे आकारमान चौपट झाले, आणि अडीच तासांच्या आत सत्तरहून अधिक किलोमीटर दूरच्या आर्मेरो शहरावर ते येऊन कोसळले. एकूण सुमारे २३,००० माणसे गेली, त्यांतली बहुतेक आर्मेरोतली. लाव्ह्याचा एक थेंबही त्या शहरापर्यंत आला नव्हता. या घटनेतली सर्वांत जड गोष्ट मात्र मृतांचा आकडा नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये, म्हणजे उद्रेकाच्या महिनाभर आधी, धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि आर्मेरो त्यात लाहारच्या वाटेवर दाखवले होते. हे शहर वसले होते तेच १८४५ च्या चिखललोटाने आणून टाकलेल्या गाळावर. त्या खेपेलाही शेकडो माणसे गेली होती. उद्रेकाच्या दिवशी दुपारपासून शहरावर राख पडू लागली, तरी लोकांना घरात शांत राहायला सांगण्यात आले. उंचवट्यावर चालत जायला अर्धा-पाऊण तास पुरला असता. अडीच तास हाताशी होते.

याच्या शेजारी न्यूझीलंडचा रुआपेहू ठेवून पाहावा, कारण तिथे एकाच डोंगराने एकच प्रश्न दोनदा विचारला. रुआपेहूच्या माथ्यावर, बर्फाच्या कुशीत, एक तळे आहे. १९४५ च्या उद्रेकानंतर त्या तळ्याच्या तोंडावर राखेचा आणि बर्फाचा बांध तयार झाला होता. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री तो फुटला, लोंढ्याने तांगीवाई येथील रेल्वेपूल खिळखिळा केला आणि नाताळसाठी घरी निघालेल्या प्रवाशांची गाडी थोड्याच वेळात त्याच पुलावर आली. एका माणसाने हातातली बॅटरी हलवत गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला. गाडीतले १५१ जण मेले. त्या रात्री डोंगरात उद्रेक चालूच नव्हता. पाणी साठले होते, बांध कच्चा होता, एवढेच पुरले. पुढे १९९५-९६ च्या उद्रेकांनी तळे पुन्हा राखेच्या बांधाने बंद केले. या वेळी शास्त्रज्ञांनी सांगितले की तळे भरले की हा बांध फुटणार. बांध यंत्राने फोडून टाकावा की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झाला, कारण ते शिखर माओरी लोकांना पवित्र आहे आणि भोवती राष्ट्रीय उद्यान आहे. शेवटी डोंगराला हात न लावता इशारायंत्रणा बसवण्याचे ठरले. १८ मार्च २००७ रोजी बांध फुटला, यंत्रणेने इशारा दिला, रस्ते बंद झाले, गाड्या थांबल्या, आणि लोंढा त्याच नदीतून, तांगीवाईवरूनच, कुणाचाही जीव न घेता गेला. आइसलंडमध्ये १९९६ मध्ये असेच झाले. वातनायोकुल हिमनदीखाली सप्टेंबरच्या अखेरीस उद्रेक सुरू झाला, वितळलेले पाणी बर्फाखालच्या तळ्यात महिनाभर साठत राहिले, आणि ५ नोव्हेंबरला ते सुटले तेव्हा सेकंदाला सुमारे ४५ ते ५० हजार घनमीटर वेगाने वाहिले. पूल वाहून गेले, घराएवढे हिमखंड खालच्या सपाटीवर येऊन पडले. माणूस एकही मेला नाही, कारण रस्ता आधीच बंद केलेला होता. पाणी सर्वत्र सारखेच वागले. फरक पडला तो माहिती खालच्या माणसापर्यंत पोचण्यात.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कोणी म्हणेल, ज्वालामुखीवरचे पाणी आगीने सुटते, आपले ढगातून येते. दोघांना एका पंगतीत बसवणे म्हणजे ओढूनताणून आणलेले साम्य आहे. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पाणी मोकळे कसे होते यात दोहोंचे काहीच जुळत नाही, आणि सह्याद्रीत ज्वालामुखी पुन्हा जागा होईल अशी भीती कुणी घालत असेल तर ती निराधार आहे. पण पाणी एकदा उतारात शिरले की ते कुठून आले हे उताराला कळत नाही. त्याला कळते ते मातीच्या कणांमधले दाब, थरांचा कल आणि पायथ्याचा आधार. तांबडा पट्टा आठवावा. भेगाळलेल्या कातळातून आणि मुरमातून खाली झिरपणारे पाणी या चिकणमातीच्या पट्ट्यावर अडते. पावसाळ्यात कड्याच्या मध्यावर एका रेषेत झरे फुटतात ते याच कारणाने. झऱ्याला वाट मिळत राहिली तर ठीक. पाऊस सलग आठ दिवस कोसळला आणि पाणी निघण्यापेक्षा साठू लागले, तर वरच्या मातीचे वजन वाढते, कणांमधली पकड सुटते, आणि सगळा भार त्या निसरड्या पाटावरून किंवा कुजलेल्या खडकाच्या सीमेवरून खाली येतो. कुजण्याचा मुद्दा तर दोन्हीकडे अगदी सारखा आहे. अमेरिकेतल्या माउंट रेनियर या बर्फाच्छादित ज्वालामुखीवरून सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी एक महाप्रचंड चिखललोट उतरला, कारण डोंगराच्या पोटातल्या गरम, आम्लयुक्त पाण्याने खडकाची चिकणमाती करून टाकली होती. आपल्याकडे हेच काम लाखो वर्षांच्या पावसाने केले आहे. घाटमाथ्यावरच्या कोणत्याही ओढ्यात हाताने चुरगळणारा, आत कांद्याच्या पाकळ्यांसारखा सोललेला खडक सापडतो. तोही एकेकाळी सुरुंगाचाच कातळ होता.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण याच रीतीने गेले. मृतांची संख्या १५१ झाली. तांगीवाईचाही आकडा हाच. या योगायोगाने काही सिद्ध होत नाही, पण एकदा लक्षात आल्यावर तो विसरता येत नाही. माळीणची खबर बाहेर आली ती एस.टी.च्या चालकामुळे. रोजच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला गावच्या जागी चिखल दिसला. भोरकडून वरंधा घाट उतरून गेले की महाडचा मुलूख लागतो. तिथल्या तळियेवर २२ जुलै २०२१ रोजी दरड आली आणि ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीचीही तीच गत झाली. तिन्ही ठिकाणी जुलै, तिन्ही ठिकाणी कित्येक दिवसांची संततधार, तिन्ही ठिकाणी उभ्या डोंगराच्या पोटाशी वसलेली वाडी.

साम्य दाखवताना एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, आणि तो आपल्या बाजूने नाही. लाहार दूरवरून येतो, म्हणून तो वेळ देतो. आर्मेरोला अडीच तास मिळाले होते. दरड थेट घरामागच्या उतारावरून येते आणि आवाज ऐकू येईपर्यंत ती दारात असते. दरड सुटल्यानंतर वाजणारा भोंगा आपल्या उपयोगाचा नाही. वेळ देणारा धोका या मुलखानेही पाहिला आहे, पण तो दुसऱ्या जातीचा होता. वेल्हे तालुक्यातले पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. साठवलेले पाणी आणि मातीचा कच्चा बांध ही रुआपेहूच्या तळ्याचीच मांडणी; त्यात भरून आलेला पावसाळा आणि खाली शहर. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला, म्हणून तो रात्री फुटण्याऐवजी सकाळी फुटला, आणि त्या काही तासांनी पुण्यातले किती जीव वाचवले असतील याचा हिशेब मांडणे अवघड आहे. दरडीच्या बाबतीत असे तास मिळवायचे तर ते डोंगर सुटण्याआधीच मिळवावे लागतात. त्याची चिन्हे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात आणि डोंगरकपारीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही ती ठाऊक असतात. घरामागच्या उतारावर आडवी भेग पडते, नितळ झरा एकाएकी गढूळ होतो, कोरड्या जागी उपळ फुटते किंवा वाहता झरा आटतो, झाडे आणि विजेचे खांब कलतात, दार चौकटीत अडकू लागते. यांतले एकेक चिन्ह दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. पण आठ दिवसांच्या मुसळधारेत दोन-तीन एकदम दिसली, तर शास्त्राला विचारायला थांबू नये, वाडी सोडावी.

दुसरा आक्षेप याद्यांविषयी आहे. माळीणनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केलेल्या पाहणीतून पुणे जिल्ह्यातली २३ गावे दरडप्रवण ठरवण्यात आली. भोरमधली कोंढरी आणि धानवली ही त्यांपैकी. लोक विचारतात, इर्शाळवाडी तर अशा कोणत्याच यादीत नव्हती, मग याद्या कशाला? या प्रश्नामागची वेदना खरी आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. चूक यादी करण्यात नाही, यादी म्हणजे नकाशा समजण्यात आहे. यादीत गावाचे नाव असते किंवा नसते. नकाशात उतार असतो, थर असतो, ओढा असतो, कुठल्या घरामागे किती अंशांचा चढ आहे ते असते. एका ग्रामपंचायतीत पाच वाड्या असतील तर त्यांतली एकच धोक्यात असू शकते, आणि गावाचे नाव यादीत नसले तरी तिच्यावरचा डोंगर तिथेच असतो. नाव नाही म्हणजे भय नाही, असा अर्थ प्रशासनानेही घेऊ नये आणि गावकऱ्यांनीही. रुइसचा नकाशा घाईने केलेला होता, त्यावर टीकाही झाली, तरी आर्मेरोच्या बाबतीत तो जवळजवळ अचूक निघाला. तो कमी पडला तो कागदावरून लोकांच्या घरात उतरण्यात. म्हणून वाडीवाडीचा, घरे मोजता येतील अशा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मराठीत छापून शाळेच्या भिंतीवर लागला पाहिजे, असे मला वाटते. त्यावर मुलांनी आपापले घर शोधावे, आणि पाऊस कोसळू लागला की कुठल्या पायवाटेने कुठल्या माळावर जायचे ते बोटाने दाखवावे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत आदराने ऐकण्याजोगा: आमचे वाडवडील पिढ्यानपिढ्या इथेच राहिले, त्यांना काही झाले नाही. यावर आर्मेरोचे उत्तर आहेच; १८४५ आणि १९८५ यांच्यामध्ये १४० वर्षे गेली, आणि पाच-सहा पिढ्यांत आठवण बुजायला तेवढी पुरतात. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की वाडवडील राहिले तो डोंगर आता तसाच राहिलेला नाही. भाताची खाचरे पूर्वी बैलांनी आणि हाताने, उताराच्या कलाने घडत. आता यंत्र दोन दिवसांत डोंगराची टाच कापते. माळीणच्या उतारावरच्या अशा सपाटीकरणाचा त्या दरडीत किती वाटा होता, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले, आणि मुख्य कारण तिथला उतार, कुजलेला खडक आणि पाऊसच असे मानणारेही होते. तो वाद मी इथे मिटवू शकत नाही. मात्र शिवऱ्यापासून काही किलोमीटरवर, महामार्गावरच्या शिंदेवाडीजवळ जून २०१३ मध्ये जे घडले त्याला ज्वालामुखी लागला नाही, आठ दिवसांचा पाऊसही लागला नाही. डोंगर फोडलेला होता, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या, आणि हंगामाच्या सुरुवातीच्याच एका जोरदार सरीने चिखलपाण्याचा लोंढा थेट रस्त्यावर आणला; त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेली. ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडताना आपण खालच्या माणसासाठी एक छोटासा कच्चा बांध रचत असतो, तांगीवाईच्या वर होता तसा.

राहिला पुनर्वसनाचा प्रश्न. धोक्यातल्या प्रत्येक वाडीला उचलून दुसरीकडे नेणे हे कागदावर सोपे दिसते. ज्याची खाचरे, नाचणी-वरईचे माळ, गुरांचे गोठे आणि देवाची जागा डोंगराशी बांधलेली आहे, त्याला पाच कोसांवर पक्के घर दिले तरी तो पावसाळ्यात लावणीला परत येणार, आणि नेमका तोच काळ धोक्याचा. त्याला हट्टी म्हणणे अन्याय होईल; पोट तिकडे आहे. माळीणचे नवे गाव आमडे येथे वसले, पण त्याची किंमत आधी माळीणने दिली होती. रुआपेहूने एक वेगळी वाट दाखवली आहे: डोंगर हलवला नाही, माणसे कायमची हलवली नाहीत, फक्त ठरलेल्या क्षणी रस्ता रिकामा केला. आपल्याकडे त्याचे रूप म्हणजे जुलै-ऑगस्टपुरती सुरक्षित माळावर निवाऱ्याची सोय, वाडीतच बसवलेले पर्जन्यमापक आणि ते वाचायला शिकवलेली दोन माणसे, उतारावरच्या झऱ्यांना मोकळे ठेवणारे चर, आणि पायथा न कापण्याचा नियम. यांतले काहीही डोंगराएवढे मोठे नाही. कायमचे पुनर्वसन जिथे अपरिहार्य आहे तिथे ते लोकांशी बोलून, शेतीच्या अंतराचा विचार करून व्हावेच; पण ते होईपर्यंत काहीच नाही, ही आजची अवस्था मला असह्य वाटते.

पुढील प्रकरणांत वाचकाला आइसलंडच्या हिमनद्यांखालची तळी, अँडीज पर्वतातली बर्फाची शिखरे, लाहारचे गाळ, उशांसारखा लाव्हा आणि काचेचा भुगा यांची सविस्तर ओळख होईल. ती दूरदेशीची नवलकथा म्हणून वाचली तरी हरकत नाही. नवल तिथे आहेच. पण वाचताना प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न मनात ठेवावेत: पाणी कुठे साठले होते, ते कशावरून घसरले, आणि खालच्या माणसाला कधी कळले. मग पहिल्या चांगल्या पावसानंतर महामार्गाकडेची किंवा घाटातली एखादी कापलेली दरड थोडे अंतर राखून, दुरूनच निरखून पाहावी. खाली काळा कातळ असेल, वर भोकांचा खडक, आणि दोहोंच्या मध्ये कुठेतरी तांबडा पट्टा. त्या पट्ट्याच्या नेमके वर, एका आडव्या रेषेत, दगड ओला झालेला असेल आणि पाणी थेंबाथेंबाने बाहेर येत असेल. ते नितळ आहे की गढूळ, हे पाहून ठेवावे.